थाप कोणाची मागं पडली?

"रेल्वे चुकीन, एसटी चुकीन, कोंबडाही एखाद्या दिवशी झोपून राहीन, पन पुंजाजीची थाप मागं पडनार नाई!"

हे वाक्य आसेगावात लहान लेकरालाही पाठ आहे, कारण ते सांगणारे स्वतः पुंजाजीच! अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हातात खंजिरी आहे. वीतभर लाकडी कडं, त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, कडेला पितळी चकत्या. एवढ्याशा जिनसेतून ते असा ठेका काढत, की बाजेवर पडलेल्या आजाऱ्याचाही अंगठा चादरीखाली हलू लागे. आणि या हाताला देवानं जोड दिली होती ती रागाची! पुंजाजींचा राग म्हणजे भाद्रपदातलं ऊन. ढगाआडून कधी डोकावेल आणि कधी टाळू भाजून काढेल, नेम नाही. पंखा सावकाश फिरला तरी राग, जोरात फिरला तरी राग. एकदा तर ते सोयाबीनमधल्या तणावर एवढे ओरडले, की शेजारच्या वावरातला माणूस 'माहं काय चुकलं भाऊ?' असं विचारायला बांधावर आला!

गेलं वर्षभर मात्र हा सगळा राग त्यांनी एकाच माणसाच्या नावानं साठवून ठेवला होता. केनवडचा धनराज! जिल्ह्याच्या खंजिरी भजन स्पर्धेत धनराजच्या मंडळानं आसेगावला अर्ध्या गुणानं मागं टाकलं, आणि वर माईक हातात घेऊन तो म्हणाला, "आसेगावचं भजन लय गोड. पन आता म्हातारं झालं बुवा!"

अर्धा गुण पुंजाजींनी पचवला असता. ते 'म्हातारं' काही पचलं नाही. कारण त्यात खरं होतं. अकरा जणांचं मंडळ पाचावर आलं होतं. दोघं देवाकडं गेले, तिघं पोरांकडं पुण्याला गेले, आणि एकाला गुडघ्यांनी घरी बसवलं. यंदा निवडच हुकली तर उरलेले पाच जणही पांगतील, आणि खंजिरी जी खुंटीला जाईल ती तिथंच वाळेल, हे पुंजाजींना पक्कं ठाऊक होतं. हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. ते फक्त जास्त रागावू लागले.

आणि नेमकं यंदाच वाशीमच्या स्पर्धा समितीनं कळवलं, की पहिली फेरी रेकॉर्डिंगवर होईल! रविवारी संध्याकाळी सहाच्या आत एक भजन पाठवा. फोनवर धरलेलं चालणार नाही, आवाज स्वच्छ पाहिजे.

"स्वच्छ म्हंजे?" पुंजाजी कडाडले. "आमी काय घान गातो?"

"बाबा, तुमी काही टेन्शन घेऊ नका," त्यांचा मुलगा हरीओम म्हणाला. "मी हाय न!"

घरातल्या अनर्थांची सुरुवात आजवर याच वाक्यानं झालेली आहे.

हरीओमचा लाउडस्पीकर आणि मंडपाचा धंदा. त्याला आता शेलूबाजारात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढायचा होता. हायवेला लागून बियाण्यांच्या दुकानावर एक खोली त्यानं घेतली. बाहेरच्या जीपगाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना बारदाना ठोकला. बारदाना कमी पडला तेव्हा आईच्या गोधड्या ठोकल्या. आणि अकोल्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आठ दिवस वापरून पाहायच्या बोलीवर एक मशीन आणलं. काळं, लोखंडी, दोन माणसांनी उचलायचं. तोंडावर बटणंच बटणं, आणि पोटात काचेचे दिवे. एका बाजूनं आवाज आत घालायचा, बटणं फिरवून त्याला धार लावायची, घुमारा द्यायचा, आणि दुसऱ्या बाजूनं तयार आवाज बाहेर! चक्कीत ज्वारी टाकावी आणि पीठ यावं तसं.

"हे लोखंड हाय बाबा! हाताले लागते. बटन फिरवलं का तवाच फरक. ना हँग होत, ना रुसत!"

पण या गोष्टीला दुसरी बाजू होती, आणि ती बाजू म्हणजे घरचे जवाई होते! विकासराव. पुंजाजींच्या थोरल्या लेकीचे, मंजुषाचे, यजमान. राहणार वाशीम. कॉम्प्युटरचे क्लास चालवत आणि फावल्या वेळात त्याच कॉम्प्युटरवर लग्नाची गाणी जुळवत. ते काखेत लॅपटॉप घेऊन आले, मशीनकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "हा फ्रीज कोनाचा?"

"भाऊजी, फ्रीज नाई, प्रोसेसर हाय तो," हरीओमचे कान तापले.

"असे शंभर प्रोसेसर ह्या लॅपटॉपमंदी हायेत, सायेबुवा! घुमारा पाहिजे, घुमारा घ्या. देवळाचा पाहिजे, देवळाचा. विहिरीतला पाहिजे, विहिरीतला. एक बटन दाबलं का झालं! आन् हे उचलाले काही बैल लागत नाई."

"अन् ऐन टायमाले ते चक्र फिरत बसते, त्याचं काय? लोक गाऊन घरी जातीन, आन् तुमचं चक्र फिरतच राहीन!"

"तुह्या ह्या इस्त्रीपेक्षा बरं!"

शनिवारभर हेच. मशीन की लॅपटॉप? लॅपटॉप की मशीन? जेवताना हरीओमनं भाकरीच्या चतकोराला बटण समजून फिरवून दाखवलं. विकासरावांनी वरणाच्या वाटीत बोट बुडवून ताटावर आवाजाची लाट काढली. पुंजाजींनी दोन्हीकडं डोळे वटारले आणि विचारलं, "भजन कोन गानार हाय? इस्त्री का चक्र?"

शेवटी निकाल पुंजाजींच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी दिला. पुंजाजींच्या रागाला घरात जुमानत नसलेली ती एकच व्यक्ती. त्या म्हणाल्या, "आंधी जवाईबुवाचं. जवाई पाहुना हाय. पाहुन्याचं ताट पह्यले वाढा लागते. मंग हरीचं."

अशा रीतीनं यंत्राची निवड ही जेवणाच्या पंगतीच्या नियमानं झाली. आणि तिथंच घात झाला!

रविवारी अकरा वाजता मंडळ शेलूबाजारला पोचलं. पेटीवर भाऊसिंग, झांजेला दोघं, आणि पुंजाजींच्या मागं आपल्या कायमच्या जागी रामसिंग.

रामसिंग हा आसेगावला लागून असलेल्या तांड्यावरचा. त्याच्या हातात झांज, आणि गळ्यात झील. पुंजाजींनी ओळ सोडावी आणि रामसिंगनं ती झेलावी. एकाचा श्वास सरे तिथं दुसऱ्याचा उगवे. पहाटे एका जात्यावर दोन बायका बसतात, खुंटा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो आणि पीठ कुठं तुटत नाही, तसं या दोघांचं अठ्ठावीस वर्षं चालत आलेलं. फक्त या जात्यावरची एक बाई फार रागीट होती, एवढंच.

मनकर्णाबाई मंजुषाला घेऊन खोलीत शिरल्या आणि भिंत पाहून किंचाळल्या, "अबे हरी! मंजुषाच्या बायंतपनातली गोधडी खिळ्यानं ठोकली काय रे?"

"आई, आवाज शोषून घेते ते."

"तुले आता मी शोषून घेतो, थांब!"

पण घड्याळ पळत होतं, म्हणून गोधडीचा खटला पुढं ढकलला. विकासरावांनी लॅपटॉप उघडला, माईक मांडले आणि असलेला एकच हेडफोन पुंजाजींच्या कानांवर चढवला. "मामाजी, तुमाले तुमचा आवाज यातून ऐकू येईन. घुमाऱ्यासकट!"

पुंजाजींनी खंजिरी उचलली आणि ओळ सोडली:

*पुढं चाले देह, मागं चाले सावली,*
*माह्या आधी घरी कशी सावली पावली?*

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला पुंजाजींच्या कपाळावर आठी पडली. बोट कातड्यावर पडे, आणि थाप कानात येई ती उलसाक मागून! फार नाही. डोळ्याची पापणी लवावी एवढ्यानं. पण ज्या हाताला अठ्ठावीस वर्षं सवय, की पडला की वाजला, त्याला ती पापणीसुद्धा डोंगराएवढी! पुंजाजींचा हात त्या थापेची वाट पाहू लागला. हात थांबला की थाप आणखी उशिरा. थाप उशिरा की हात आणखी सावकाश. भजन चढाला लागलेल्या भरल्या गाडीसारखं रखडू लागलं. चौथ्या ओळीला तर भजनातला देह जागेवरच बसला आणि सावली एकटीच घरी गेली!

"थांबा!" पुंजाजींनी हेडफोन ओढून काढला. "माह्या मागून कोन वाजवून राह्यलं?"

पुन्हा सुरू. पुन्हा तेच! तिसऱ्यांदाही तेच. पुंजाजींचं नाक लाल झालं. मग कान लाल झाले. मग ते सावकाश मागं वळले. मागं कोण? रामसिंग!

"रामसिंग, काहून मागं ओढून राह्यला बे?"

"मी?" रामसिंगची झांज हवेतच राहिली. "तूच मुंगीच्या चालीनं चालला. मी काय तुले सोडून पुढं पयू?"

"माही थाप आजवर मागं पडली काय?"

"आजवर नाई पडली."

"म्हंजे आज पडली?"

"मी असं म्हनलो काय? तूच म्हनलास!"

"मले शिकवतं? ह्या कानाले आयकू आलं मले! हात पडते, आन् मंग मागून ठक! मागं तूच बसला हायेस. का तुह्या मागं अजून कोन बसलं हाय?"

रामसिंगनं खरोखरच मागं वळून पाहिलं. मागं गोधडी होती.

"म्हातारा झाला तू, रामसिंग!" पुंजाजींच्या तोंडून निघून गेलं. "केनवडवाला खरं बोलला. त्यानं तुलेच पाह्यलं असन!"

रामसिंग उठला. त्यानं झांज फडक्यात गुंडाळली, फडकं पिशवीत घातलं, पिशवी खांद्याला लावली.

"अठ्ठावीस वर्सं तुह्या मागं गायलो, पुंज्या," तो म्हणाला. "मागं बसनं माही जागा होती. आज थ्याचीच शिवी केली तू."

जिन्यावर त्याची पावलं वाजली. ती मात्र अगदी लयीत वाजली.

या क्षणी विकासरावांनी तोंड उघडलं होतं. मग त्यांनी हरीओमकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त मंजुषाच्या आलं. लग्नाला तेरा वर्षं झाली की नवऱ्याचं मिटलेलं तोंडही बायकोला वाचता येतं.

"जाऊ द्या त्याले!" पुंजाजी गरजले. "त्याच्यावाचून काही अडते काय? हरी, तुहं लोखंड लाव!"

हरीओमला तर दिवाळीच आली! त्यानं लॅपटॉपच्या वायरी काढून मशीनला जोडल्या. पोटातले दिवे पेटले. हेडफोन पुन्हा पुंजाजींच्या कानावर. पुंजाजींनी टिचकी मारली, टिचकी तिथल्या तिथं वाजली! थाप मारली, थाप बोटालाच चिकटून आली! ते ताडकन उभे राहिले.

"पाहा! पाहा म्हनतो मी! रामसिंग गेला आन् थाप जाग्यावर आली! मी म्हनलो नव्हतो?"

पुरावा असा ठणठणीत, की कोर्टातही टिकावा! भाऊसिंगनं पेटीवर मान घातली. हरीओम म्हणाला, "बाबा, ते मशीनमुळं…" पण बाबा ऐकायच्या पलीकडं गेले होते. आपलं खरं ठरलेल्या माणसाला कान नसतात. त्यात या माणसाच्या कानावर हेडफोन होता!

फक्त एक झालं. पुंजाजींनी ओळ सोडली आणि ती झेलायला कोणी नव्हतं. उरलेल्या दोघांनी झील धरायचा प्रयत्न केला. एकाची जमिनीवर पडली, दुसऱ्याची छताला लागली. पुंजाजींना ते कळलं. पण कबूल करायचं तर रामसिंगचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी दोष खंजिरीवर ढकलला.

"सर्द हवेनं कातडं उतरलं हे! वाजनार कसं? शेगडी कुठी हाय?"

खंजिरी वाजवण्याआधी शेकावी लागते. ऊब लागली की कातडं ताणतं आणि बोलू लागतं. पण स्टुडिओत शेगडी कुठून येणार? पुंजाजींनी खोलीभर नजर फिरवली, आणि त्यांना मशीन दिसलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. वा! भाकरी टाकायच्या आधी तवा जसा असावा, तस्सा!

"हरी," ते पहिल्यांदाच प्रेमानं म्हणाले, "हे तं लय कामाचं निघालं रे! त्या लॅपटॉपवर काय शेकाव?"

हरीओमनं विजयानं भाऊजींकडं पाहिलं. मशीन इतकं तापू नये, हे त्याला ठाऊक होतं. अकोल्याच्या माणसानं बजावून सांगितलं होतं, की अर्धा तास चालवा आणि अर्धा तास बंद ठेवा. पण जिंकता जिंकता कोणी बटण बंद करतं का?

पुंजाजींनी खंजिरी मशीनवर पालथी घातली आणि पाणी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तर कातडं चुलीवरच्या पापडासारखं ताणलेलं! थाप मारली तर टण्! स्टीलच्या ताटासारखी. आता यावरही पिढ्यान् पिढ्यांचा उपाय आहे. कातडं फार चढलं, तर आतून पाण्याचा हात फिरवायचा. पुंजाजींनी तांब्या उचलला, कातड्याला आतून चांगला ओला हात दिला. पाणी जरा जास्तच झालं. मग जास्तीचं पाणी सुकावं म्हणून त्यांनी ती निथळती खंजिरी पुन्हा ठेवली. कुठं? मशीनवर! बरोबर त्या जाळीवर, जिच्याखाली काचेचे दिवे होते.

टप्. टप्. टप्.

"बाबाऽऽ!"

फट्ट्!

निळी ठिणगी उडाली. धूर निघाला. खोलीतले दिवे गेले, पंखा गेला, खालच्या दुकानातला वजनकाटा गेला आणि दुकानदार वर आला. "कोन मेलं?"

"माहं मशीन!" हरीओमनं हंबरडा फोडला. "आठ दिवसांच्या बोलीचं होतं व!"

विकासराव हसले. त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू असं फुटलं, जसं वाफेनं झाकण उडावं. "इस्त्रीनं जीव सोडला, सायेबुवा?"

"भाऊजी, तोंड सांभाया!"

"माह्या भावाले हसता?" मंजुषा कडाडली. तिच्यात बापाचा राग होता, फक्त तो ती वर्षातून एकदाच काढत असे. "तो इथी रडून राह्यला आन् तुमी दात काढून राह्यले?"

"आन् माही गोधडी धुरानं कायी झाली!" मनकर्णाबाईंनी खटला पुन्हा उघडला.

"सारेच नालायक!" पुंजाजी ओरडले. "लोखंडही नालायक, कॉम्प्युटरही नालायक, थो रामसिंगही…"

"बाबा, गप बसा!" मंजुषानं लॅपटॉप ओढला. लाइट गेली तरी तो बॅटरीवर जिवंत होता. "सकाळचं यात हाय. ऐका एकदा, कोन मागं होतं ते. आन् मंग भांडा!"

तिनं बटण दाबलं. आणि धुरानं भरलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत सकाळचं भजन उगवलं.

*पुढं चाले देह, मागं चाले सावली…*

रामसिंगची झांज ठेक्याच्या पोटात पडत होती. बरोबर जिथं पडायला हवी तिथं. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो नेमका पाण्याला लागावा, तशी. आणि तिच्या मागून, उलसाक थांबत, वाट पाहत, चाचपडत येत होती खंजिरी. चौथ्या ओळीला झांजेनं चक्क तिच्यासाठी पाऊल आखडलं होतं. दमलेल्या जोडीदारासाठी वाटसरू थांबतो तसं.

"बाबा," मंजुषा हळू म्हणाली. लहानपणी याच ठेक्यावर ती झोपी गेलेली. "मागं तुमी हायेत."

पुंजाजी रागावले नाहीत.

घरचे घाबरले! आजवर असं झालेलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी त्यांचं कपाळ चाचपलं. ताप नव्हता.

"मामाजी," विकासरावांनी अखेर तोंड उघडलं. "चूक तुमची नाई. लॅपटॉप आवाज घेते, आत त्याच्यावर काम करते आन् मंग हेडफोनात परत देते. थ्यात उलसाक वेय लागते. तुमाले तुमचीच थाप उशिरा ऐकू येत होती."

"हे तुमाले तवाच ठाऊक होतं?"

"हो."

"मंग रामसिंग चालला तवा काहून नाई बोलले?"

विकासरावांनी जमिनीकडं पाहिलं. "बोललो असतो तं… हरीचं मशीन जिंकलं असतं."

"आन् तू रे?" पुंजाजी हरीओमकडं वळले. "हे इतकं तापते हे तुले ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं," हरीओम पुटपुटला. "पन बंद केलं असतं तं भाऊजीचा लॅपटॉप…"

मग मात्र पुंजाजींचा राग परत आला, आणि सगळ्यांना हायसं वाटलं! तो असा आला, की भिंतीवरची एक गोधडी आपोआप खाली पडली. "तुमी दोघं जिंकत बसले आन् माहा मानूस गेला! चाला! उचला ते चक्र! जीप पाहा!"

"कुठी, बाबा?"

"तांड्यावर! दुसरं कुठी?"

चार वाजून गेले होते. बॅटरी एकवीस टक्के. पुंजाजी, मंजुषा, दोन्ही यंत्रवाले, भाऊसिंग आणि त्याची पेटी, झांजवाले दोघं आणि गोधडी छातीशी धरलेल्या मनकर्णाबाई अशी वरात जीपमधून तांड्यावर उतरली. दारात रामसिंगची बायको गोमतीबाई तूर निवडत होती.

"वहिनी, रामसिंग घरी हाय?"

गोमतीबाईंनी सूप हलवत शांतपणे सांगितलं, "हायेत. पन नाई म्हनून सांग म्हनले."

"रामसिंग!" पुंजाजींनी दारातून आवाज दिला. "बाहीर ये! मले माफी मागाची हाय, आन् तू आत बसतं? लाज नाई वाटत?"

आतून उत्तर आलं, "तथूनच माग!"

"मानसासारखा समोर ये! मी काय भिंतीची माफी मागू?"

रामसिंग उंबरठ्यात आला. "बोल. चूक कोनाची होती?"

"कॉम्प्युटरची!"

"कोनाची?"

"जवायाची!" विकासराव भाऊसिंगच्या पेटीमागं सरकले.

"कोनाची, पुंज्या?"

पुंजाजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. गोमतीबाईंचं सूप थांबलं. एक कोंबडी पाय उचलून तशीच उभी राहिली.

"माही," पुंजाजी म्हणाले.

"ऐकू नाई आलं. तुहा आवाजही उशिरा येते काय?"

"माही! माही! माही चूक!" पुंजाजी एवढ्या जोरानं ओरडले, की तांड्यावरची बारा घरं दारात आली. "मागं मी होतो! तू माह्यासाठी थांबला होता! झालं समाधान? आता झांज घे, नाई तं पाय धरीन तुहे, आन् मंग तुले अजून लाज वाटन!"

रामसिंगनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मग तो म्हणाला, "कानात काही घालाचं नाई. माह्याकडं पाहाचं आन् वाजवाचं."

खंजिरी गोमतीबाईंच्या चुलीवर शेकली. हरीओमनं माईक धरला, विकासरावांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. त्या दिवसात पहिल्यांदाच दोघंही गप्प होते. पुंजाजी यावेळी पाठ करून नाही, समोरासमोर बसले. आणि भजन निघालं.

*पुढं चाले देह, मागं चाले सावली,*
*माह्या आधी घरी कशी सावली पावली?*

दुसऱ्या फेऱ्याला पुंजाजींनी एक गोष्ट केली. रामसिंगची झांज पडू दिली, आणि आपली थाप तिच्या मागून टेकवली. पापणी लवावी एवढीच मागं. अठ्ठावीस वर्षं मागं बसलेल्या माणसाला त्यांनी एकदा पुढं चालू दिलं. रामसिंगची भुवई वर गेली. डोळे पाणावले की धुरानं चुरचुरले, कोण जाणे. झील मात्र अशी उठली, की तांड्यावरच्या बायकांच्या बांगड्याही वाजायच्या थांबल्या.

पावणेसहाला विकासरावांच्या फोनच्या नेटवर्कवरून भजन समितीला गेलं. बॅटरी चार टक्के.

बुधवारी निकाल आला. पुंजाजींच्या ओसरीवर सगळे जमले होते. पुंजाजींच्या शेजारी, आता मागं नाही, रामसिंग. मंजुषानं फोनवर वाचून दाखवलं: "आसेगाव मंडळाची पुढील फेरीसाठी निवड झाली आहे!"

टाळ्या! पेढे! विकासराव म्हणाले, "लॅपटॉप!" हरीओम म्हणाला, "माईक माहा होता!" आणि पुन्हा जुंपणार, तोच मंजुषा म्हणाली, "थांबा, खाली शेरा हाय."

"वाच, वाच," पुंजाजींनी मिशीवर हात फिरवला. "सारं गाव ऐकू दे."

"'झील आणि झांज अत्युत्तम. आवाज स्वच्छ. मात्र…'" मंजुषा अडखळली.

"मात्र काय?"

"'मात्र खंजिरीची थाप किंचित मागे पडते. लक्ष द्यावे.'"

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. रामसिंगनं जमिनीकडं पाहिलं. त्याचे खांदे हलत होते, हसून की कशानं, ते दिसलं नाही. पुंजाजींचं नाक लाल झालं, कान लाल झाले. खरं कारण जिभेच्या टोकाशी आलं. पण ते सांगायचं म्हणजे भरल्या ओसरीवर रामसिंगवर आपला जीव आहे असं कबूल करायचं! त्यापेक्षा मरण बरं!

"नेटवर्क!" ते कडाडले. "जवाईबुवा, तुमचं नेटवर्कच नालायक! तांड्यावरून थाप बरोबर निघाली होती. वाशीमले पोचता पोचता मागं पडली!"